झोपडीची पेटी

निवडणुका आल्या, तिकीट कुणाला मिळालं, कुणाचं कापलं याच्या बातम्या सुरू झाल्या, की मला माझी मालवणची आजी आठवते. पक्षबिक्ष तिला काही कळत नसे. तिला दोनच गोष्टी ठाऊक होत्या : झोपडी आणि बॅरिस्टर.

बॅरिस्टर म्हणजे नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले, पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. तिकडे समाजवादी तरुणांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्षही झाले. लग्न केलं ते ऑस्ट्रियातल्या क्रिस्टल यांच्याशी. असा माणूस खरं तर मुंबई-दिल्लीत वकिली करून सुखात राहिला असता. पण हे आले परत आपल्या तांबड्या मातीत, एस.टी. आणि होडीने गावं पालथी घालायला.

१९५७ ची निवडणूक. मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून सगळीकडे रान पेटलेलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे विरोधी पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले होते. राजापूर मतदारसंघात उभे राहिले प्रजासमाजवादी पक्षाचे नाथ पै. वय चौतीस. तेव्हा आपण सगळे रत्नागिरीकरच, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये.

त्या वेळचं मतदान कसं होतं, हे आजच्या मुलींना सांगितलं तर गंमत वाटेल. बटण नाही, शिक्कासुद्धा नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका घ्यायची, आडोशाला जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. प्रजासमाजवाद्यांचं चिन्ह होतं झोपडी. आजीला अक्षरओळख नव्हती, पण झोपडी तिला कुणी शिकवायची?

शिवाय घरातले बापये सगळे मुंबईत. आजोबा गिरणीत, गिरणगावातल्या खोलीत दहाजणांबरोबर राहायचे. गावात उरल्या बायका, म्हातारे आणि पोरं. मतदानाच्या रांगेत बायकाच बायका! नाथ पैंना संसदेत पाठवलं ते कोकणच्या बायकांनी, असं मी म्हणते. कुणाला पटो न पटो.

१९६२ ला समितीची लाट ओसरली होती, तरी ते निवडून आले. १९६७ ला पुन्हा. लोकसभेत बोलायला उभे राहिले की पंडित नेहरूही कान देऊन ऐकत. गोवामुक्ती, सीमाप्रश्न, कोकणची रेल्वे, कशासाठी म्हणून नाही झगडले! १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ खटल्यात सांगितलं, की मूलभूत हक्कांना संसदेला हात लावता येणार नाही. तो अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून नाथ पैंनी स्वतःचं विधेयक आणलं. ते काही त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने ते काम झालं.

हृदयाचं दुखणं मात्र मागे लागलं होतं. तरी दौरे थांबले नाहीत. (घरच्या बाईने किती वेळा सांगितलं असेल, ते आपण बायकाच जाणतो.)

डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली. राजापूरला झोपडीचा उमेदवार कोण, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. १७ जानेवारीला ते बेळगावात सीमालढ्याच्या हुतात्म्यांसाठी भाषणाला गेले. १८ जानेवारीला गेल्याची बातमी आली. वय अवघं अठ्ठेचाळीस. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमच्या खळ्यात बायका गोळा झालेल्या, घरातलंच कुणी गेल्यासारख्या.

आता उमेदवारी कुणाला? आजकाल नेता गेला की तिकीट घरातच जातं, आपल्याला त्याची सवयच झाली आहे. तेव्हा पक्षाने दिले मुंबईतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मधु दंडवते. मूळ नगरचे. आजी दोन दिवस घुश्शात. झोपडी आपली, पण आत राहायला आलेला हा पावणा कोण?

त्यातच मुंबईहून आजोबांचं पत्र आलं. इंदिराबाईंची लाट जोरात, तेव्हा सगळ्यांनी गाय-वासरावर शिक्का मारावा. पत्र मीच वाचून दाखवलं. आजी काही बोलली नाही. मतदानाला गेली ती नवं लुगडं नेसून.

महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा इंदिराबाईंच्या काँग्रेसने जिंकल्या. देशभरात झोपडीला दोनच मिळाल्या, त्यातली एक आपली राजापूरची. दंडवते पुढे १९८९ पर्यंत सलग पाच वेळा इथूनच निवडून गेले, रेल्वेमंत्री झाले आणि नाथ पैंनी मागितलेल्या कोकण रेल्वेचा पाठपुरावा करत राहिले.

मतदानानंतर आजीने माझ्याकडून आजोबांना उत्तर लिहून घेतलं. सुके बांगडे पाठवते आहे, गाय व्यायली, मत देऊन आले. कशावर, ते घालू का, म्हणून मी विचारलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, पुढे लिही, पावसाआधी घर शाकारायला हवं, मनिऑर्डर लवकर पाठवा.