रक्तातले मीठ मोजणारा माणूस

डलहौसीच्या सुधारणांवर टीप लिहिताना आपण रेल्वे, टपाल आणि तारायंत्र हे तीन शब्द एका दमात लिहून मोकळे होतो. त्यांपैकी तारायंत्र ज्याने उभारले, त्या विल्यम ब्रुक ओशॉनेसी या आयरिश गृहस्थाचे नाव एखाद्या पुस्तकात ओझरते भेटते. पण हा माणूस मूळचा डॉक्टर होता, आणि तारेहूनही मोठे काम त्याने हिंदुस्थानात पाय ठेवण्यापूर्वीच करून ठेवले होते, हे वाचल्यापासून त्याच्याविषयी लिहावे असे माझ्या मनात होते.

लिमरिकचा हा तरुण एडिंबरोला वैद्यक शिकला. लंडनमध्ये व्यवसायाचा परवाना मिळेना, म्हणून त्याने रसायनशाळा थाटली व विषांची परीक्षा करू लागला. ही अडचणच पुढे जगाच्या पथ्यावर पडली असे मला वाटते. कारण १८३१ साली पटकीची साथ इंग्लंडच्या संडरलंड बंदरात उतरली, तेव्हा तेथे नाडी पाहणारे पुष्कळ होते. रक्त तोलून-मोजून पाहणाऱ्यांत हा निघाला.

ज्या रोगाला आपल्या खेड्यांनी मरीआईचा कोप म्हटले, त्याच्यापुढे युरोपातले धन्वंतरीही तितकेच हतबल होते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते साधारण पाच लिटर. पटकीत तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू झाले, की तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकते, आणि ते अखेर रक्तातूनच येते. डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, लघवी बंद होते, नाडी हाताला लागत नाही. पुढे ढकलायला हृदयाजवळ पुरेसे रक्तच उरत नाही. आणि अशा आटलेल्या माणसाची शीर कापून डॉक्टर आणखी रक्त काढीत! डांबरासारखे काळे, दाट रक्त बाहेर येत नसे, तरी त्यांना शंका येत नव्हती.

ओशॉनेसीने ते रक्त तपासले. त्यातले पाणी फार कमी झाले होते, क्षारही घटले होते; आणि हेच हरवलेले क्षार रोग्याच्या जुलाबांत सापडले. चोरी कोठे झाली आणि माल कोठे गेला, दोन्ही एकदमच उघड झाले. जे गेले ते परत द्या, पोटातून द्या किंवा शिरेतून द्या, असे त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकातून मांडले. त्या वेळी त्याने विशी नुकतीच ओलांडली होती.

ते वाचून लीथ गावच्या टॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने १८३२ च्या मे महिन्यात हे धाडस प्रत्यक्ष केले. एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत त्याने मीठ व सोडा मिसळलेले पाणी थोडे थोडे सोडले. अर्ध्या तासात सुमारे सहा पाइंट. गार पडलेली बाई बोलू लागली, नाडी परत आली. ती वाचली असे समजून लाटा निघून गेला. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी दिले नाही, आणि काही तासांत ती गेली. पुढे त्याचे काही रोगी जगले, पुष्कळसे दगावले. उपाय आशा सुटल्यावरच केला जाई, पाणी निर्जंतुक नसे, मिठाचे प्रमाण अपुरे असे. १८३३ मध्ये लाटा स्वतः वारला आणि उपचार मागे पडला.

त्याच वर्षी ओशॉनेसी कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. म्हणजे पटकीच्या माहेरीच! आता तरी तो आपले अर्धे राहिलेले काम हाती घेईल, अशी वाचताना माझी खात्री होती. त्याने ते घेतले नाही. तो कलकत्ता मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला, भांगेचे औषधी गुण त्याने युरोपला समजावून दिले, आणि पटकीच्या रोग्यांनाही भांगेचाच अर्क देऊन पाहिला. ज्याने रक्तातले मीठ मोजले होते त्यानेच! या माणसाच्या बुद्धीबद्दल मला आदर आहे, पण या एका गोष्टीबद्दल मी त्याला माफ करू शकत नाही.

बाकीचे आपण वाचलेले असतेच. १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग, मग डलहौसीचा आश्रय, आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडलेली. १८५६ मध्ये 'सर' ही पदवी. ती तार २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. ओशॉनेसी १८६० मध्ये मायदेशी परतला आणि १८८९ मध्ये वारला.

सलाईन मात्र राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी लेनर्ड रॉजर्सने शिरेतून अधिक खारट पाणी देऊन पटकीचे मृत्यू बरेच कमी केले. तेही कलकत्त्यात, ओशॉनेसी शिकवीत असे त्याच मेडिकल कॉलेजात. आणि त्याने सुचवलेला दुसरा मार्ग, पोटातून पाणी देण्याचा, फळाला आला तो १९७१ मध्ये, बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत. साखरेबरोबर दिलेले मीठ आतडे पटकीतही शोषून घेते, हे तोवर कळले होते. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असे मिश्रण पिंपांतून ठेवले व ते पाजायला रोग्यांच्या नातेवाइकांनाच बसवले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चाराच्याही खाली आले.