पाककृतीला माप देणारी इसाबेला

डिसेंबरच्या थंडीत पुलगावच्या बाजारात दोन फळे शेजारी शेजारी दिसतात. एक घरचे, आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांतील बागांमधून आलेले संत्रे; दुसरे काश्मीर-हिमाचलाकडून आलेले सफरचंद. याच दिवसांत अनेक घरांत ओव्हन पुसूनपासून बाहेर निघतो. पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडाराची मोठी वसाहत असल्यामुळे वेगवेगळ्या प्रांतांतली कुटुंबे इथे येतात आणि त्यांच्याबरोबर वेगवेगळ्या प्रांतांतले पदार्थही येतात. सफरचंदाचा 'पाय' हा त्यांपैकीच एक. कोणी तरी तो एकदा खाऊ घालतो आणि मग शेजारीण वही-पेन घेऊन विचारते, की साहित्य काय, किती, आणि भट्टीत किती वेळ?

हे तीन प्रश्न आज आपल्याला इतके स्वाभाविक वाटतात, की पाककृती याच क्रमाने लिहायची असते हे कोणी तरी रूढ केले असेल, असा विचारही मनात येत नाही. परंतु ही पद्धत ज्या पुस्तकामुळे घराघरांत पोहोचली, ते लिहिणारी बाई त्या वेळी अवघी पंचविशीची होती. ती स्वयंपाकात निष्णात नव्हती, आणि पुढे वयाची तिशीही तिला पाहायला मिळाली नाही. तिचे नाव इसाबेला बीटन.

इसाबेलाचा जन्म १४ मार्च १८३६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बेंजामिन मेसन कापडाचे व्यापारी होते. ती चार वर्षांची असताना ते वारले. आई एलिझाबेथ यांनी १८४३मध्ये हेन्री डॉर्लिंग या विधुराशी पुनर्विवाह केला. डॉर्लिंग एप्समच्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचे व्यवस्थापक होते. त्यांची चार मुले, हिची चार आणि पुढे झालेली तेरा, अशी एकूण एकवीस भावंडे! घरात जागा पुरेना, तेव्हा मुलांची रवानगी शर्यतीच्या मैदानावरील प्रेक्षकांच्या भव्य इमारतीत होत असे. शर्यत नसेल त्या दिवसांत ती ओस इमारत म्हणजेच या मुलांचे घर. थोरल्या भावंडांपैकी एक इसाबेला. धाकट्यांना न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे, निजवणे हे तिच्या वाट्याला आले. कमी साधनांत पुष्कळ माणसांचे कसे भागवायचे, याचे शिक्षण तिला पुस्तकांआधी तिथे मिळाले.

पुढे तिला जर्मनीतील हायडेलबर्गच्या शाळेत पाठवण्यात आले. तिथे ती भाषा आणि पियानो शिकली. शिवाय केक, पेस्ट्री आणि फळे घालून भाजलेले गोड पदार्थ करण्याची गोडी तिला लागली. परत आल्यावर तिने एप्समच्या एका मिठाईवाल्याकडे जाऊन पेस्ट्रीचे धडे घेतले. सुखवस्तू घरातल्या मुलीने दुकानदाराकडे जाऊन पीठ मळायला शिकावे, हे त्या काळच्या घरच्यांना फारसे रुचणारे नव्हते. पण मुलगी हट्टी होती.

१० जुलै १८५६ रोजी तिचा विवाह सॅम्युएल बीटन या तरुण प्रकाशकाशी झाला. मध्यमवर्गीय गृहिणींसाठी तो दोन पेनी किमतीचे एक मासिक चालवीत असे. विवाहानंतर काही महिन्यांतच इसाबेला त्यात लिहू लागली. आधी फ्रेंच कथांची भाषांतरे आणि मग पाककलेचे सदर. या सदराचा आरंभ फजितीने झाला. तिने स्पंज केकची कृती दिली आणि त्यात अंडी किती घालायची हेच लिहायचे राहून गेले! पुढच्या अंकात तिला चूक सुधारावी लागली. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी असली, तरी तिच्यातला धडा मोठा होता. ज्याला पदार्थ येतो, तो मापाशिवायही करू शकतो. कृतीची गरज असते ती ज्याला येत नाही त्याला. त्याच्यासाठी एक आकडा सुटला, की सगळे साहित्य वाया जाते.

त्याच वर्षी, १८५७मध्ये, तिच्यावर पहिला आघात झाला. मे महिन्यात जन्मलेला मुलगा ऑगस्टमध्ये दगावला. घर रिकामे झाले आणि इसाबेलाने कामात डोके घातले. गृहव्यवस्थेवरचा एक मोठा ग्रंथ करायचा, असे पतिपत्नींनी ठरवले होते. तिने घरोब्यातल्या एका अनुभवी बाईंचा सल्ला विचारला. स्वयंपाक हा दीर्घ अभ्यासाने आणि सरावाने येणारा विषय आहे, तेव्हा स्वतः नवीन कृती रचण्याच्या फंदात न पडता चांगल्या कृती जमवून त्यांचे संकलन करावे, असा तो सल्ला होता. विशीतल्या लेखिकेला हे बोचले असते तर नवल नव्हते. इसाबेलाने तो जसाच्या तसा मानला. मासिकाच्या वाचक स्त्रियांकडून तिने कृती मागवल्या, जुनी पुस्तके चाळली. तिने जमवलेल्यातले पुष्कळसे इतरांच्या पुस्तकांतून उचललेले होते आणि त्याचे श्रेय तिने सर्वत्र दिले नाही, हा आक्षेप अभ्यासकांनी पुढे घेतला. तो खोटा नाही. घटकपदार्थांची वेगळी यादी देण्याची कल्पनाही तिच्याआधी, १८४५मध्ये, एलायझा ॲक्टन यांच्या पुस्तकात दिसते. तिथे ही यादी कृतीच्या शेवटी असे.

मग इसाबेलाचे स्वतःचे काय? तिने ती यादी शेवटून उचलून सुरुवातीला आणली. आधी साहित्य आणि त्याचे माप, मग कृती, मग लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या हंगामात करावे. शेकडो पदार्थ तिने या एकाच साच्यात बसवले. एकवीस भावंडांत वाढलेल्या मुलीला ठाऊक होते, की गृहिणी कृती वाचायला घेते तेव्हा तिच्या मनात आधी घरातल्या माणसांची संख्या आणि बटव्यातले पैसे असतात.

सफरचंदाच्या पायचेच पाहा. सुमारे साडेचारशे ग्रॅम, म्हणजे एक पौंड सफरचंदांना दोन औंस, म्हणजे जेमतेम साठ ग्रॅम साखर. सोबत लिंबाची बारीक चिरलेली साल आणि लिंबाचा रस. हा पदार्थ ऑगस्ट ते मार्च या काळात करावा, मात्र फेब्रुवारीनंतर सफरचंदांची चव उतरते, असेही ती बजावते.

आपल्याकडे हाच पाय करायचा, तर थंडीचे दिवस उत्तम. विदर्भाच्या उन्हाळ्यात लोणी हाताखालीच वितळते आणि पारी खुसखुशीत होत नाही. दीड वाटी मैद्यात चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी थंड, घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. पीठ रव्यासारखे दिसू लागले, की तीन-चार चमचे गार पाणी घालून ते नुसते गोळा करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये. गोळा अर्धा तास गार जागी ठेवावा. आंबट सफरचंदांच्या फोडी खोलगट भांड्यात रचून साखर आणि लिंबाचा रस घालावा. लिंबाच्या सालीऐवजी संत्र्याची साल किसून घातली, तर पदार्थाला वऱ्हाडी वळण मिळते. फक्त आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू लागतो. वर लाटलेली पारी झाकून कडा दाबाव्यात, वाफ जाण्यासाठी मध्ये चीर द्यावी आणि दोनशे अंश सेल्सिअसवर पस्तीस ते चाळीस मिनिटे भाजावे. या इंग्रजी पद्धतीत तळाला पारी नसतेच. ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ किंवा वाळू तापवून त्यावर भांडे ठेवता येते. मात्र वरचा पापुद्रा तांबूस व्हायला झाकणावर निखारे हवेत. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरांत भानोळे असेच खाली-वर निखारे ठेवून भाजले जात असे.

इसाबेलाच्या हयातीत अशा कृतींचे भाग १८५९पासून दरमहा निघू लागले आणि १ ऑक्टोबर १८६१ रोजी ते एकत्र ग्रंथरूपाने आले. पृष्ठसंख्या १११२. पहिल्या वर्षातच सुमारे साठ हजार प्रती खपल्या. ग्रंथात केवळ स्वयंपाक नव्हता; आजाऱ्याची शुश्रूषा, बाळाचे संगोपन, नोकरांची कामे, घराची स्वच्छता असे सारेच होते. हिंदुस्थानात तिने पाऊल ठेवले नाही, तरी इथे राहून गेलेल्या एका इंग्रज बाईकडून आलेली कैरीची चटणीही त्यात आहे. १८५८च्या हिवाळ्यात तिने शेजारच्या गरीब मुलांना वाटलेल्या सुपाची कृतीही तिने खर्चासह नोंदवली.

ती स्वतः मात्र ग्रंथातल्या गृहिणीसारखी घरात बसणारी नव्हती. नवऱ्याबरोबर आगगाडीने लंडनच्या कचेरीत जाई, संपादन करी, मासिकासाठी पॅरिसहून पोशाखांची चित्रे मिळवी. दुःखाने मात्र पाठ सोडली नाही. दुसरा मुलगा १८६२च्या शेवटच्या दिवशी गेला. तो तीन वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तिसऱ्याचा जन्म झाला. २९ जानेवारी १८६५ रोजी चौथा मुलगा झाला. प्रसूतीच्या कळा येईपर्यंत ती एका नव्या पाककोशाची मुद्रिते तपासत होती, असे सांगतात. आठवडाभरात, ६ फेब्रुवारीला, सूतिकाज्वराने तिचा अंत झाला. वय होते अठ्ठावीस.

सूतिकाज्वर पुष्कळदा प्रसूती करणाऱ्यांच्या अस्वच्छ हातांतून पसरतो, हे व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७मध्येच दाखवून दिले होते. त्यांचे म्हणणे वैद्यकविश्वाने मनावर घेतले नाही. तेही त्याच १८६५ साली, ऑगस्टमध्ये, उपेक्षित अवस्थेत वारले. हजारो घरांना स्वच्छतेचे धडे देणाऱ्या बाईला वाचवणारे ज्ञान जगात उपलब्ध होते. ते तिच्या खाटेपाशी पोहोचले नाही. योग्य माहिती योग्य वेळी योग्य हातात पडणे किती मोलाचे असते, हे तिच्या आयुष्याइतकेच तिच्या मरणानेही सांगितले.

पुढची कथा अधिक विचित्र आहे. अमेरिकेतील यादवी संपून १८६५मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखे धनिक बुडाले, हे आपल्या परिचयाचे आहे. दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये एक मोठी पेढी बुडाली, तिच्याबरोबर सॅम्युएल बीटनही बुडाला. बायकोच्या ग्रंथासह सगळे हक्क त्याला दुसऱ्या प्रकाशकाला विकावे लागले. नव्या मालकांनी लेखिकेच्या मृत्यूचा गाजावाजा होऊ दिला नाही. तिच्या नावाने नवनव्या आवृत्त्या निघत राहिल्या, पुस्तक फुगत गेले, कृती बदलत गेल्या. वाचकांनी आपल्या मनात एक पोक्त, पांढऱ्या केसांची, अनुभवी आजी उभी केली. १९३२मध्ये, ती निवर्तल्यानंतर तब्बल ६७ वर्षांनी, धाकट्या मुलाने तिचे छायाचित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाला दिले, तेव्हा लोक चकित झाले. त्या चौकटीत एक कोवळी तरुणी होती.

मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरला जाणारी रेल्वे १८६७मध्ये सुरू झाली आणि वर्धा नदीवरच्या पुलापाशी पुलगावची वस्ती वाढू लागली. त्या आगगाडीतून साहेबांबरोबर त्यांचे केक आणि पायही या भागात आले असणार. मराठीत मापाने स्वयंपाक सांगण्याचे काम पुढे आपल्याच स्त्रियांनी केले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०मध्ये आले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७०मध्ये आली आणि वाटी-चमच्याच्या घरगुती मापाने तिने कितीतरी नवख्या संसारांना हात दिला.

आपल्या घरोघरी मात्र अजून अशा पुष्कळ कृती आहेत, ज्या कोणत्याही पुस्तकात नाहीत. आईच्या, आजीच्या हाताला असलेले ते माप अंदाजाचे असते आणि माणसाबरोबर जाते. या हिवाळ्यात पाय भाजायला ठेवल्यावर जी चाळीस मिनिटे मोकळी मिळतील, त्यात वही उघडावी आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना एक पदार्थ विचारून घ्यावा. साहित्य आधी लिहावे, मग कृती, मग वेळ. आणि सर्वांत वर, ज्यांनी तो सांगितला त्यांचे नाव आणि त्यांचे खरे वय लिहायला विसरू नये.