सर जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग : कपाटांतील जुन्या दिव्यांची हकीकत

छत्रपती संभाजीनगराजवळील पडेगावांत एखाद्याच्या माळ्यावर जुना रेडिओ किंवा ध्वनिवर्धक पडला असेल, तर त्याच्या आंत कांचेच्या लहान नळ्या दिसतील. त्यांस व्हॉल्व्ह म्हणतात. औरंगाबादेस निजामी राज्याचें नभोवाणी केंद्र होतें. तें 1950 सालीं आकाशवाणीकडे आलें. त्या काळीं हवेंतून येणारा शब्द लोकांस ऐकूं येई, तो अशाच नळ्यांच्या योगानें. ह्या नळीचा आरंभ ज्यांनीं केला त्यांचें चरित्र बोधप्रद आहे.

फ्लेमिंग यांचा जन्म इंग्लंडांतील लँकेस्टर येथें 29 नोव्हेंबर 1849 रोजीं झाला. त्यांचे वडील पाळक होते, व सात भावंडांत हे थोरले. घरीं पैशाची ओढाताण असल्यामुळें त्यांनीं लंडनच्या शेअरबाजारांत कारकुनी करून संध्याकाळीं अभ्यास केला आणि 1870 सालीं पदवी मिळविली. पुढें केंब्रिज येथें मॅक्सवेल यांच्या हाताखालीं शिकून 1885 सालीं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत विद्युत्-शास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या वेळीं एडिसनच्या विजेच्या दिव्यांची कांच आंतून काळी पडत असे. त्याचें कारण शोधण्यासाठीं फ्लेमिंग यांनीं आंत धातूची पट्टी बसविलेले दिवे करविले. तेव्हां तापलेल्या तारेकडून पट्टीकडे वीज एकाच दिशेनें जाते असें त्यांस दिसून आलें. त्याचा उपयोग मात्र तेव्हां सुचला नाहीं, व दिवे कपाटांत राहिले.

1899 पासून ते मार्कोनी यांच्या कंपनीचे सल्लागार झाले. बिनतारी संदेश फार क्षीण येत, आणि फ्लेमिंग यांस तर बहिरेपण येत चाललें होतें. कानाऐवजीं डोळ्यांस संदेश कळेल असें साधन शोधतां शोधतां 1904 च्या ऑक्टोबरांत त्यांस त्या दिव्यांची आठवण झाली. ते कपाटांतून काढून जोडतांच काम झालें. पंपाच्या झडपेप्रमाणें वीज एकाच बाजूनें जाऊं देणारी म्हणून त्यांनीं त्यास व्हॉल्व्ह असें नांव दिलें. 1906 सालीं अमेरिकेंतील डी फॉरेस्ट यांनीं तींत तिसरें अंग, म्हणजे जाळी, घातली. तेव्हां कोठें क्षीण आवाज मोठा करणें साधलें. ह्यावरून दोघांत पुष्कळ वर्षें वाद चालला, आणि 1943 सालीं अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें फ्लेमिंग यांचें पेटंट रद्द ठरविलें. 1929 सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली होती. 18 एप्रिल 1945 रोजीं, 95 वर्षांचे असतां, ते निवर्तले.

आतां जुना ध्वनिवर्धक दुरुस्त करणाऱ्यांसाठीं दोन शब्द. यंत्र बंद करून तार काढली तरी आंत जिवावर बेतेल इतकी वीज कांहीं काळ सांचून राहते. म्हणून तें जाणत्याकडूनच उघडावें. नळीवरील अंक ओल्या फडक्यानें पुसूं नये. ते निघून जातात, व अंकांवरूनच नळी ओळखावयाची असते. ईसीसी 83 ह्यांतील पहिलें अक्षर तापतारेचा 6.3 व्होल्ट दाब सांगतें, आणि दोन सी म्हणजे आंत तीन अंगांच्या दोन नळ्या. अमेरिकेंत तिलाच 12 एएक्स 7 म्हणतात. ईएल 84 हिलाहि नऊच खिळे असतात, ती त्याच खोबणींत बसते. परंतु तिचें काम निराळें. म्हणून बसली एवढ्यावरून ती लावूं नये. कांचेवरील चंदेरी डाग पांढरा झाला असेल तर आंत हवा शिरली, ती नळी गेली असें समजावें. डाग चांगला असला तरीहि परीक्षायंत्रावर लावूनच ती घ्यावी, आणि जेथें दोन नळ्या जोडीनें चालतात तेथें सारख्या शक्तीची जोडी निवडावी. प्रसिद्ध नांवाला किंवा चकचकीत खोक्याला भुलूं नये.

जुनें आहे एवढ्यासाठीं कांहीं टाकूं नये, आणि जुनें आहे एवढ्यासाठीं तें चांगलेंहि मानूं नये, पारखून घ्यावें. फ्लेमिंग यांनीं ते दिवे टाकून दिले असते, तर त्यांस ही नळी इतक्या सहज सांपडली नसती.