हॅरी ट्रूमन

हॅरी ट्रूमन यांचा जन्म ८ मे १८८४ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात झाला. त्यांच्या आजोबांकडे एकेकाळी कृष्णवर्णीय गुलाम होते. काळ्या-गोऱ्यांतील भेद ते लहानपणापासून पाहत आले. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात कॅप्टन होते. १९४५ साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

त्या काळी अमेरिकेच्या सैन्यात काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड नावाचा कृष्णवर्णीय सैनिक महायुद्ध संपवून घरी चालला होता. त्याच्या अंगावर अजून गणवेश होता. वाटेत एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला बेदम मारले. त्याचे दोन्ही डोळे गेले. पुढे न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले. वुडर्डची हकीकत ऐकून ट्रूमन फार व्यथित झाले.

२६ जुलै १९४८ रोजी त्यांनी आदेश काढला. वंश, रंग किंवा धर्म न पाहता सर्व सैनिकांना समान वागणूक व समान संधी द्यावी, असा तो आदेश होता. ते निवडणुकीचे वर्ष होते. त्यांच्याच पक्षातील दक्षिणेकडचे काही पुढारी रागावून वेगळे झाले होते. अनेक सेनाधिकारीही नाराज होते. तरीही ट्रूमन मागे हटले नाहीत. आदेशाचे पालन व्हावे म्हणून त्यांनी एक समिती नेमली. ती निवडणूकही त्यांनी जिंकली.

१९५० साली कोरियाचे युद्ध सुरू झाले. तेथे काळे व गोरे सैनिक खांद्याला खांदा लावून लढू लागले. १९५४ पर्यंत वेगळ्या पलटणी बंद झाल्या.

२६ डिसेंबर १९७२ रोजी ट्रूमन यांचे निधन झाले. लहानपणी पाहिलेला भेद त्यांनी मोठेपणी योग्य मानला नाही. यातच त्यांचे मोठेपण आहे.