वाळवीच्या तोंडातून मराठ्यांचा इतिहास वाचवणारा माणूस

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठ्यांचा अस्सल इतिहास कुठे होता? सरदार, देशमुख, कुलकर्ण्यांच्या वाड्यांत, माळ्यावर. रुमालात बांधलेली मोडीतली दप्तरं वाळवी खात होती, काही रद्दीत जात होती.

ती वाचवायला एक माणूस गावोगाव फिरला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे.

जन्म १८६३ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले. तरुणपणीच पत्नी वारली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. उरलेलं आयुष्य कागदांमागे गेलं.

काम सोपं नव्हतं. जुना कागद परक्याच्या हाती पडला तर आपलं वतन अडचणीत येईल, अशी लोकांना धास्ती. त्यामुळे दप्तर दाखवायलाच कोणी तयार नसे. राजवाडे मात्र चिकाटी सोडत नसत.

१८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला. त्यात १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रं होती. पुढे असे एकूण २२ खंड निघाले.

पण कागद छापले तरी मूळ प्रती ठेवायच्या कुठे? १९१० साली सरदार मेहेंदळ्यांच्या सोबतीने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह विखुरला जाऊ नये म्हणून तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं.

आज पानिपतावर लिहिणाऱ्या कुणालाही राजवाड्यांचे खंड उघडावेच लागतात. तुमच्या घरच्या माळ्यावर मोडीतलं एखादं गाठोडं आहे का? रद्दीत देण्याआधी जाणकाराला दाखवा.