विश्लेषण : साहेबाचा सूट कोरडा ठेवणारा ‘मॅकिंटॉश’ थंडीतच का कडक व्हायचा?

लोकरीचा सूट, पॉलिश केलेले बूट आणि वरून गुडघ्यापर्यंतचा वॉटरप्रूफ कोट. ब्रिटनमधल्या शहरांत हिवाळ्यात कामाच्या बैठकीला निघालेल्या माणसाचा हा ओळखीचा वेश. या कोटाला तिथे आजही ‘मॅकिंटॉश’ किंवा नुसतेच ‘मॅक’ म्हणतात. हे स्कॉटलंडमधल्या एका रसायन उद्योजकाचे आडनाव आहे. त्यांनी पाऊस अडवला, थंडीने मात्र त्यांना शेवटपर्यंत दाद दिली नाही.

कोण होते चार्ल्स मॅकिंटॉश?

जन्म २९ डिसेंबर १७६६, ग्लासगो. वडील रंगांचे कारखानदार. चार्ल्स यांनी सुरुवातीला कारकुनी केली. मात्र मन रमले रसायनशास्त्रात. विशी गाठण्याआधीच नोकरी सोडून ते रसायनांच्या उत्पादनात उतरले. तुरटीचा कारखाना काढला, ब्लीचिंग पावडरच्या शोधातही त्यांचा वाटा होता. कोट हा त्यांचा मूळ धंदा नव्हेच.

अशा कोटाची गरज का होती?

आपल्याकडे नाशिक-नागपूरची थंडी कोरडी असते. ग्लासगोत थंडी आणि पाऊस हातात हात घालून येतात. त्या काळच्या व्यापाऱ्याचा वेश म्हणजे जाड लोकरीचा कोट. लोकर ऊब देते, पण तासभर पावसात भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करणारा माणूस भेटीच्या जागी पोहोचेपर्यंत निथळत असे. तेल लावलेले कापड खलाशी वापरत; पण ते घालून पेढीवर कोण जाणार?

शोध कसा लागला?

ग्लासगोत दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस तयार होऊ लागला होता. त्यात उरणारे डांबर आणि अमोनियाचे पाणी म्हणजे कंपनीला डोकेदुखी. रंगासाठी अमोनिया हवा म्हणून मॅकिंटॉश यांनी १८१९ मध्ये हा टाकाऊ माल घेण्याचा करार केला. डांबरातून नॅफ्था हे द्रव मिळाले. त्यात रबर विरघळते, हे एडिंबरोच्या जेम्स साइम या वैद्यकीय विद्यार्थ्याने आधीच दाखवले होते. मॅकिंटॉश यांची करामत पुढची. रबराचा चिकट लेप उघडा ठेवला तर कपड्याला हात लावणे मुश्कील. म्हणून त्यांनी तो दोन कापडांच्या मध्ये दाबला. जणू सँडविचच! १८२३ मध्ये पेटंट मिळाले, त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही. लवकरच मँचेस्टरमध्ये भागीदारीत कारखाना उभा राहिला.

मग अडले कुठे?

पहिली अडचण शिंप्यांची. ते नेहमीसारखी शिवण घालत आणि सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी आत झिरपे. दोष मात्र कापडाच्या माथी. अखेर कंपनीला शिवणकामही स्वतःच्या हाती घ्यावे लागले. कोटाला उग्र वास येई. हवा खेळत नसल्याने आत घाम साचे, म्हणून डॉक्टरही नाक मुरडत. लोकरीतल्या नैसर्गिक तेलामुळे रबर खराब होई ते वेगळेच.

सगळ्यात मोठा दोष रबराच्या स्वभावातच होता. कच्च्या रबरातल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधलेल्या नसतात. त्यामुळे उन्हात ते पाघळते आणि कडक थंडीत ताठर होते. म्हणजे ज्या सकाळी कोटाची खरी गरज, नेमक्या त्याच सकाळी तो पुठ्ठ्यासारखा! तरीही तो विकला जात होता, यावरूनच ओल्या कपड्यांचा त्रास किती होता ते कळते.

उपाय कोणी शोधला?

लंडनचे थॉमस हँकॉक यांनी रबर मळून मऊ करणारे यंत्र बनवले होते. पुढे ते मॅकिंटॉश यांचे भागीदार झाले. त्यांच्यामुळे लेप सुधारला, ताठरपणा मात्र गेला नाही. तो गेला गंधकामुळे. रबर गंधकासोबत तापवले की साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि थंडी-उन्हात रबर लवचीक राहते. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना हे आधी उमगले होते. ब्रिटनमधले पेटंट मात्र हँकॉक यांनी नोव्हेंबर १८४३ मध्ये दाखल केले.

मॅकिंटॉश यांचे निधन त्याआधी चार महिने, २५ जुलै १८४३ रोजी झाले होते. ग्लासगो कॅथीड्रलच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. हिवाळ्यात न ताठरणारा मॅकिंटॉश बाजारात आला तो त्यांच्यानंतर. घामाचा प्रश्न तर आणखी लांबला. १८७९ मध्ये थॉमस बर्बेरी यांनी विणण्याआधीच सुताला जलरोधक करून गॅबर्डीन हे कापड काढले, तेव्हा कुठे रबराविना पाऊस अडवणारा, हवा खेळू देणारा कोट मिळाला. नाव मात्र मॅकिंटॉश यांचेच चालू राहिले, तेही कोटासाठी लिहिताना इंग्रजीत एक जादा ‘के’ घुसवून.