आजीच्या डोळ्यांनी पाहिलेले जग

फॅनी क्रॉस्बी यांची गीते अनेक भारतीय भाषांत उतरली आहेत व आपल्या मंडळ्यांत प्रीतीने गायिली जातात. त्यांच्या अंधत्वाविषयी पुष्कळ सांगितले जाते. ज्या घरात त्या वाढल्या त्याविषयी मात्र फार थोडे.

२४ मार्च १८२० रोजी न्यूयॉर्क राज्यातील पुटनम परगण्यात, एका सामान्य शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सहा आठवड्यांच्या असताना त्यांचे डोळे आले. डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या एका इसमाने डोळ्यांवर मोहरीचे पोटीस बांधले आणि त्यानेच दृष्टी गेली, असे घरची मंडळी मानीत. आजच्या काही वैद्यांच्या मते त्या जन्मांधच असाव्यात. वर्ष सरण्यापूर्वीच वडील वारले. एकवीस वर्षांची विधवा आई, मर्सी, पोटासाठी परक्या घरी मोलकरीण झाली. मूल पाचेक वर्षांचे असता शेजाऱ्यांनी वर्गणी जमविली व आईने त्याला न्यूयॉर्कच्या नामांकित डॉ. मॉट यांच्याकडे नेले. त्यांनी आशा नसल्याचे सांगितले.

आशा सोडली नाही ती आईच्या आईने. युनीसआजी नातीला रानात नेई, पाने हाती देऊन स्पर्शाने व वासाने झाडे ओळखावयास शिकवी, पक्षी, सूर्यास्त, इंद्रधनुष्य यांचे वर्णन करी. रंग कधीच न पाहिलेल्या मुलीला इंद्रधनुष्य सांगणे! भाषांतराचे काम करणाऱ्यास या आजीपुढे नम्र व्हावेसे वाटते. तिनेच पवित्र शास्त्र मोठ्याने वाचून पाठ करविले. पुढे रिजफील्ड येथील घरमालकीण हॉलीबाईंनी तो क्रम चालविला. पंधराव्या वर्षापर्यंत पंचग्रंथ, चारही शुभवर्तमाने, नीतिसूत्रे, गीतरत्न व कित्येक स्तोत्रे फॅनीला मुखोद्गत होती.

घरात तिला कोपऱ्यात बसविले नाही. ती झाडांवर चढे, घोड्यावर बसे, इतर मुलांबरोबर हुंदडे. आठव्या वर्षी रचलेल्या कवितेत तिने स्वतःबद्दल रडत बसणे साफ नाकारले. गावच्या शाळेला मात्र अंध मुलीस शिकविता येईना, आणि याचेच तिला खरे दुःख होते.

१८३५ साली न्यूयॉर्कच्या अंधशाळेत प्रवेश मिळाला. एकुलत्या अंध लेकीला दूर धाडणे मर्सीला किती जड गेले असेल! पण तिने धाडले. पहिल्या रात्री फॅनी घरच्या आठवणीने रडली. पुढे त्याच शाळेत ती शिक्षिका झाली. १८४४ मध्ये तिचा पहिला कवितासंग्रह निघाला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलंड तरुणपणी त्या शाळेत नोकरीस होते, तेव्हा ते तिच्या कविता लिहून घेत. १८५८ साली तिने अंध संगीतज्ञ अलेक्झांडर व्हॅन अल्स्टाईन यांच्याशी विवाह केला. त्यांचे एकुलते मूल तान्हेपणीच गेले. याविषयी त्या फारशा बोलत नसत.

उपासनागीतांचे मुख्य कार्य १८६४ नंतरचे, म्हणजे चव्वेचाळिशीतले. संख्या आठ हजारांवर जाते. गीत मनातच पूर्ण रचावयाचे व मग कोणाकडून तरी उतरवून घ्यावयाचे, अशी त्यांची रीत. बालपणीच्या पाठांतराची ती कमाई. उतारवयातही त्या न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील सेवाकेंद्रांत जाऊन व्यसनाधीन माणसांजवळ बसत.

आई १८९० मध्ये, नव्वदी ओलांडून वारली. १९०० च्या सुमारास फॅनीबाई ब्रिजपोर्ट येथे आपल्या सावत्र बहिणीकडे राहावयास गेल्या आणि १२ फेब्रुवारी १९१५ रोजी त्याच गावी आपल्या माणसांत प्रभूकडे गेल्या.